षट्कोनी मुलूख

लढाईचा खेळ मांडू पाहणाऱ्या माणसाला सैन्य जमविणे फारसे अवघड जात नाही. शिशाचे शिपाई, लाकडाचे ठोकळे, पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे, काहीही चालते. पण त्या सैन्याला चालावयास जमीन हवी, आणि ती जमीन कोठे सुगम, कोठे दुर्गम, कोठे साफ अडविणारी, याचा निवाडा करणारा कोणीतरी हवा. गेल्या अडीच शतकांत युरोपात व पुढे अमेरिकेत हा निवाडा पुष्कळदा कुंचल्याने झाला आहे, आणि त्या कुंचल्याच्या कामाला सजावट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पटावरील एखाद्या घरास हिरवा रंग दिला की तेथे फौजेची चाल मंदावते, निळा दिला की ती थांबते. नियमपुस्तिकेतील छापील कलमांवर खेळणारे तासन्‌तास हुज्जत घालतात, रंगाचा हुकूम मात्र निमूटपणे पाळतात.

या प्रथेचा उगम शोधू गेल्यास आपण 1780 साली जर्मनीतील ब्रुन्सविक येथे येऊन पोचतो. तेथील ड्यूकच्या पदरी असलेला गणिताचा शिक्षक योहान क्रिस्टियान लुडविग हेलविग याने, सरदारपुत्रांना युद्धशास्त्राची गोडी लागावी या हेतूने, बुद्धिबळावर बेतलेला एक नवा खेळ त्या वर्षी प्रसिद्ध केला. ज्या बुद्धिबळाचा तो आधार घेत होता ते आपल्याच चतुरंगापासून निघून इराण व अरबस्तान या वाटेने युरोपात पोचले होते. परंतु चतुरंगाची चौसष्ट घरे गुणाने सर्व सारखी, तर हेलविगच्या पटावर रुंदीला 49 आणि उभीला 33 मिळून 1,617 घरे, आणि त्यांचे रंग भूमीच्या जातीवरून ठरलेले: डोंगर तांबडा, पाणी निळे. प्यादे कोणते यापेक्षा ते कोठे उभे आहे हा प्रश्न येथे प्रथमच महत्त्वाचा झाला.

पुढे 1812 साली प्रशियाच्या सेवेतील मुलकी अधिकारी गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ याने राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यास एक मेज नजर केले. त्याच्या खणांत खेळाचे साहित्य होते, आणि वर मांडावयाच्या चौकोनी फरशा टेकड्या, नद्या, गावे यांच्या उठावासह रंगविलेल्या होत्या. त्या हव्या तशा जुळवून दर खेपेस नवा मुलूख उभा करता येई. राजघराण्यातील मंडळी या मेजाभोवती बसत, म्हणजे कुटुंबात खेळावयाच्या रंगीत रणभूमीचा पहिला नामांकित नमुना राजवाड्यातच निपजला. राइसविट्झचा मुलगा तोफखान्यातील अधिकारी. त्याने 1824 साली फरशा टाकून 1:8000 प्रमाणाचा मोजणीचा नकाशा घेतला, तांबड्या व निळ्या ठोकळ्यांच्या पलटणी केल्या, आणि दोन्ही पक्षांहून वेगळा असा पंच नेमला. राजपुत्र विल्हेल्म, जो पुढे 1871 साली जर्मनीचा सम्राट झाला, तो या खेळाचा आश्रयदाता ठरला. खेळ लष्कराच्या दप्तरात शिरला आणि घरगुती राहिला नाही.

तो पुन्हा घरात आणण्याचे श्रेय, माझ्या मते, एका क्षयग्रस्त कादंबरीकाराला द्यावे लागेल. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1881-82 च्या हिवाळ्यात फुप्फुसाच्या विकारावर हवापालट म्हणून स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे राहिला होता. त्याआधी, 1881 च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे, सावत्र मुलगा लॉइड ऑसबोर्न याच्यासह रंगपेटी घेऊन बसला असता त्याने एका काल्पनिक बेटाचा नकाशा चितारला होता, आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी उगवली होती. (प्रकाशकाकडे रवाना केलेला तो मूळ नकाशा वाटेत गहाळ झाला आणि कादंबरीचा मजकूर धुंडाळून दुसरा तयार करावा लागला.) दाव्होसच्या घरी माळा होता, शिडीने चढावे, छत इतके ठेंगणे की ताठ उभे राहण्याची मुश्कील, उजेड मेणबत्तीचा. त्या माळ्याच्या जमिनीवर या बापलेकांनी निरनिराळ्या रंगांच्या खडूंनी डोंगर, नद्या, गावे, पूल, आणि चांगल्या व वाईट अशा दोन प्रतींचे रस्ते काढले, आणि शिशाच्या पलटणी घेऊन त्यावर दीर्घ मोहिमा चालविल्या. लॉइडने ही हकीकत स्टीव्हन्सनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1898 च्या डिसेंबरात, ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात प्रसिद्ध केली. तीवरून दिसते की रसद, दारूगोळा, हेरगिरी यांचा कडेकोट जाबता तेथे पाळला जाई, आणि प्रौढ भिडू मोहिमेच्या बातम्या काल्पनिक वृत्तपत्रांतून मोठ्या खुमासदार शैलीत लिहून काढी. रस्त्यांच्या या दोन प्रती मला फार बोलक्या वाटतात. खडूच्या एका फरकाने एक सैन्य वेळेवर पुलाशी पोचते आणि दुसरे चिखलात अडकते; हे ज्या बापाला सुचले त्याला नकाशा म्हणजे काय ते पक्के कळले होते.

एच. जी. वेल्सचे ‘लिटल वॉर्स’ 1913 साली निघाले व पुष्कळ गाजले. पण त्याचे युद्ध फरशीवर, ठोकळ्यांच्या घरांमधून आणि खेळण्यातल्या तोफांनी चाले, त्याला नकाशा लागत नसे. म्हणून येथे त्याचा इतकाच उल्लेख पुरे.

षट्कोनाचे आगमन याहून बरेच अलीकडचे. बाल्टिमोरनजीक राहणारा चार्ल्स रॉबर्ट्स हा तरुण, लष्करात अधिकारपद मिळावे या उमेदीने युद्धतत्त्वांचा अभ्यास करीत असता, 1952 साली स्वतःच्या सरावासाठी एक खेळ रचून बसला. ‘टॅक्टिक्स’ या नावाने तो 1954 साली टपालाने विकावयास काढला, आणि 1958 साली ‘ॲव्हलॉन हिल’ ही कंपनी उभारून अमेरिकन यादवीतील गेटिसबर्गच्या लढाईचा पट बाजारात आणला. सांता मोनिका येथील रँड या संशोधनसंस्थेत चालणाऱ्या युद्धक्रीडांच्या एका छायाचित्रात त्याला षट्कोनांची जाळी दिसली, असे तो पुढे सांगत असे. 1961 पासून त्याच्या खेळांत ती आली. गंमत अशी की गेटिसबर्गच्याच 1964 च्या आवृत्तीत कंपनी पुन्हा चौकोनांकडे वळली. पण तोवर खेळणाऱ्यांची नजर षट्कोनाला सरावली होती.

त्याचे कारण भूमितीत आहे. एकाच जातीच्या सम बहुकोनांनी, फट न ठेवता, सपाटी झाकावयाची तर त्रिकोण, चौकोन व षट्कोन असे तीनच पर्याय उरतात. चौकोनात शेजारी आठ, पण कर्णावरचे चार शेजारी सुमारे 1.41 पट दूर. त्यामुळे तिरके चालणाऱ्या फौजेला फुकटची दौड मिळते किंवा, कर्णाची चाल बंद केल्यास, विनाकारण वळसा पडतो. षट्कोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. कोपऱ्याच्या दिशेने नागमोडी जाताना दोन पावलांत पावणेदोन पावलांइतकेच अंतर कापले जाते हे खरे. पण हा दोष पंधरा टक्क्यांच्या आसपास, तो सोसवतो. शिवाय प्रत्येक पलटणीचा अंमल सभोवारच्या सहा घरांवर चालतो असे एकदा मानले की आघाडीची रेषा आपोआप आकार घेते.

छापील पटांची गर्दी सत्तरच्या दशकात झाली. परंतु कोरे षट्कोनी कागदही त्याच काळी विकत मिळू लागले, आणि त्यांनी घरोघरच्या हौशी रंगाऱ्यांची सोय केली. त्याआधी कंपासाखेरीज गती नव्हती: वर्तुळाची त्रिज्या परिघावर सहा वेळा टेकवावी, बिंदू जोडावेत, आणि पुढचे वर्तुळ षट्कोनाची एक बाजू सामाईक राहील असे काढावे. समोरासमोरच्या दोन बाजूंत 16 मिलिमीटरचे अंतर हवे असेल तर प्रत्येक बाजू सव्वानऊ मिलिमीटरांची पडते, आणि सुरुवातीची केसभर चूक कागदाच्या पलीकडच्या टोकाशी अर्धे घर होऊन बसते. रेषा पाण्याने न फुटणाऱ्या शाईने आधी ओढाव्यात, रंग मागाहून आणि पातळ द्यावा. दाट हाताखाली रेषा बुजतात, आणि घरे मोजता आली नाहीत तर पटाचा उपयोग काय? जलरंग वापरायचा तर कागद आधी भिजवून डिंकाच्या पट्टीने फळीवर ताणावा लागतो, एरवी तो फुगून येतो व पलटणी उतारावरून घसरतात; घाईच्या मंडळींनी म्हणूनच रंगीत पेन्सिली पत्करल्या.

खरी अडचण मात्र हस्तकौशल्याची नाही. निसर्गाची नदी कोठूनही वाहते; षट्कोनी पटावर ती घराच्या पोटातून वाहू लागली तर फौज अलीकडच्या तीरावर आहे की पलीकडच्या, हा तंटा उपस्थित होतो, म्हणून तिला शेतांच्या बांधासारखी घरांच्या कडांवरूनच वळवावी लागते. रस्ता नेमका उलट, तो घरांच्या मध्यातून जावा. आणि एका घराला जात एकच. आता गेटिसबर्गच्या दक्षिणेकडील लिटल राउंड टॉप ही टेकडी घ्या. 1863 च्या जुलैत तेथे झुंज झाली तेव्हा तिच्या पश्चिम उतारावरील झाडे थोड्याच काळापूर्वी तोडलेली होती, आणि त्यामुळेच तेथून खालचे मैदान उघडे दिसे. पूर्वेचा व दक्षिणेचा अंगरखा रानाचाच होता. ही अवघी टेकडी एका षट्कोनात बसत असेल तर तिला खडकाचा तपकिरी रंग द्यावा की रानाचा हिरवा? तपकिरी दिला तर वर चढविलेल्या तोफेला दूरवरचा मारा मिळतो. हिरवा दिला तर खालून येणाऱ्या दक्षिणी राज्यांच्या पायदळाला आडोसा मिळतो. दोन्ही रंग इतिहासाला धरून आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. प्रशियात असा प्रश्न पंचाकडे गेला असता. घरात रंगविणारी थोरली बहीण अथवा बाप स्वतःच एका बाजूचा सेनापती असतो, मुनसफ आणि पक्षकार एकच. यावर मला सुचणारा इलाज इतकाच, की रंग वाळून पट मेजावर आला म्हणजे बाजू निवडण्याचा पहिला हक्क ज्याने कुंचल्याला हात लावला नाही त्याला द्यावा. मग टेकडीचा रंग ठरविणाऱ्याचा हात आपोआप विचाराने चालतो.