डायनोसॉरचे जीवाश्म : अस्सल किती, लुकण किती?

मोडनिंब : पुणे-सोलापूर मार्गावरील या परिसरात विहिरीच्या खोदकामात एखादा गोल, गरगरीत दगड निघाला, की 'डायनोसॉरचे अंडे' ही शंका कुतूहलापोटी कोणाच्याही मनात येऊ शकते. मात्र येथील काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट हा थिजलेल्या लाव्हारसाचा खडक आहे. हवापाण्याने झिजताना त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गाभा उरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या धगधगत्या रसात हाडे वा अंडी टिकणे अशक्यच. जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या थरांखालील किंवा दोन थरांमधील गाळाच्या खडकांत. त्यामुळे जीवाश्म विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न दगडाविषयी नव्हे, तर तो कोठे सापडला याविषयी विचारावा.

महाराष्ट्रात डायनोसॉरचे अवशेष प्रामुख्याने चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथील लॅमेटा खडकांत मिळाले आहेत. डोंगरगाव येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८४ ते १९८६ या काळात महाकाय शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा उकरून काढला. पुढे त्याला 'इसिसॉरस' हे नाव मिळाले. इतक्या मोलाच्या सांगाड्यालाही कवटी नाही. निसर्ग सहसा अपुरे देतो. म्हणूनच बाजारात नाकीडोळी नीटस, कोठेही न तुटलेला नमुना दिसला तर सावध व्हावे.

डागडुजी हा गुन्हा नव्हे. तडकलेले हाड चिकटविणे, भेग भरणे हे संग्रहालयेही करतात. फसवणूक होते ती हे काम लपविल्याने. मोरोक्कोतून येणाऱ्या स्पिनोसॉरसच्या दातांत एकाचे टोक दुसऱ्याच्या मुळाला जोडून सांध्यावर वाळू व गोंद यांचे लुकण थापलेले आढळते. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिल्यास अशा जागी हवेचे बुडबुडे, कुंचल्याचे ओरखडे किंवा मध्येच थांबलेली भेग दिसते. अस्सल दातावरील भेगा पुढे सरकत राहतात. लुकणापाशी त्या एकाएकी संपतात.

नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तसा अतिनील दिवा अंधारात धरला, की गोंद व राळ बहुधा हाडाहून वेगळ्या रंगात चमकतात. तापविलेली सुई आडबाजूला टेकविल्यास प्लॅस्टिकसारखा वास येणे हेही राळेचे लक्षण. ॲसिटोनचा बोळा मात्र जपून फिरवावा. अस्सल हाडाला मजबुती देणारा लेपही त्याने विरघळतो. यांपैकी कोणतीही एक खूण निर्णायक नाही.

अंड्यांबाबत कवच पाहावे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात अशी ९२ घरटी व २५६ अंडी नोंदविल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अंड्यांचा व्यास १५ ते १७ सेंटिमीटर आहे. खऱ्या कवचाचा थर पातळ असून त्यावर सूक्ष्म छिद्रे असतात. बनावट अंड्यात साध्या गोट्यावर खऱ्या कवचाचे तुकडे फरशीसारखे डकवलेले असतात. तुकड्यांची वळणे एकमेकांशी जुळत नाहीत.

जाणकारही चकतात. चीनमधून गेलेला 'आर्किओरॅप्टर' हा नमुना अमेरिकेतील एका संग्रहालयासाठी ८० हजार डॉलरला विकत घेण्यात आला. नॅशनल जिओग्राफिकने १९९९ मध्ये तो पक्षी व डायनोसॉर यांमधील दुवा म्हणून छापला. वास्तविक धड एका प्राचीन पक्ष्याचे आणि शेपूट एका लहान डायनोसॉरचे होते. क्ष-किरण सीटी तपासणीत दगडाचे ८८ तुकडे जोडल्याचे दिसले. गंमत अशी, की वेगवेगळे केले असता दोन्ही भाग शास्त्राच्या दृष्टीने मोलाचेच ठरले.

शंका असल्यास पुण्यातील आघारकर संशोधन संस्था किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नागपूर येथील कार्यालय यांच्याकडे विचारणा करता येईल. नमुना नेताना तो धुऊन पुसून नेऊ नये. त्याला चिकटलेली माती व खडकाचा तुकडा तसाच राहू द्यावा, कारण जीवाश्म कोणत्या थरातला आहे हे तपासनीस त्यावरूनच ओळखतात.