फ्लाइटगिअर: कुणाच्याच मालकीचं नसलेलं विमान

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी अवतार. आज एका सॉफ्टवेअरचा इतिहास सांगायचाय. त्याची सुरुवात मात्र दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरपासून करावी लागेल.

जानेवारी २००९. जगभर मंदी. मायक्रोसॉफ्टने कर्मचारीकपात जाहीर केली आणि त्यात एसेस नावाचा स्टुडिओ बंद केला. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' बनवणारा हाच तो स्टुडिओ. हा सिम्युलेटर १९८२ मध्ये बाजारात आला होता, म्हणजे तो विंडोजपेक्षाही जुना. लाखो लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं घालवली होती, त्याच्यासाठी विमानं आणि विमानतळ बनवले होते. एका निर्णयाने त्याचं काम थांबलं. कोड कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली कंपनीकडे. वापरणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं.

गंमत बघा, त्याच्या महिनाभर आधीच, डिसेंबर २००८ मध्ये, एका दुसऱ्या सिम्युलेटरची १.९ आवृत्ती आली होती. त्याचं नाव फ्लाइटगिअर. त्याला ऑफिस नाही, स्टुडिओ नाही, पगार देणारं कुणी नाही. दिसायला मायक्रोसॉफ्टपुढे अगदी साधं. पण त्याला बंद करू शकेल असा माणूसच जगात नव्हता. हे कसं जमलं, तीच आजची गोष्ट.

थीसिस आडवा आला

एप्रिल १९९६. अमेरिकेतल्या डेव्हिड मर यांनी इंटरनेटवर एक प्रस्ताव मांडला. म्हणणं साधं होतं: बाजारातले सिम्युलेटर कंपन्यांच्या सोयीने बदलतात, वापरणाऱ्यांच्या गरजेने नाही. मग आपणच मिळून एक बनवूया की! जगभरातले लोक आपापल्या घरून कोड लिहितील आणि तो सगळ्यांसाठी खुला असेल.

लोक जमले. त्यांनी थ्रीडी ग्राफिक्सचा कोड स्वतःच, पार शून्यापासून लिहायला घेतला. इथेच गाडी अडली. त्या कोडचा मुख्य भार ज्याच्यावर होता, त्याला आपला थीसिस पूर्ण करायचा होता. तो बाजूला झाला आणि प्रकल्प जवळजवळ थंडावला. ओपन सोर्समधले बहुतेक प्रकल्प इथेच संपतात. कुणी भांडत नाही, कुणी बंद करत नाही. फक्त कुणाला वेळ नसतो.

१९९७ च्या मध्यावर मिनेसोटा विद्यापीठातल्या कर्टिस ओल्सन यांनी त्यात पुन्हा जीव ओतला. त्यांचा विचार असा की सगळं आपणच कशाला लिहायचं? विमान हवेत कसं वागतं याचं गणित नासाच्या लँगली केंद्रातल्या ब्रूस जॅक्सन यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. त्या प्रोग्रामचं नाव लार्कसिम. अमेरिकन केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीत केलेल्या कामावर तिथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे हा कोड घ्यायला आडकाठी नव्हती. ओल्सन यांनी तो सुटा केला, साध्या पीसीवर चालेल असा केला आणि चित्र काढायचं काम ओपनजीएलवर सोपवलं. ओपनजीएल विंडोजवरही चालायचं आणि लिनक्सवरही. जुलै १९९७ मध्ये पहिली चालणारी आवृत्ती आली.

एक इमारत नाही, वाडी

मला या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे सापडते. फ्लाइटगिअर एकच भलंमोठं सॉफ्टवेअर म्हणून वाढलं नाही. कोकणातल्या वाडीसारखं वाढलं: घरं वेगवेगळी, विहीर सामाईक.

सिमगिअर म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या मूलभूत कोडची लायब्ररी. टेरागिअर म्हणजे जमिनीच्या माहितीपासून डोंगर, नद्या, किनारे बनवणारी अवजारं. टेरासिंक तुम्ही उडत असताना पुढचा प्रदेश डाउनलोड करत राहतं. एफजीकॉम कंट्रोल टॉवरशी आवाजात बोलू देतं.

उड्डाणाचं गणितही बदलता येतं, मोबाइलच्या कव्हरसारखं. लार्कसिमची जागा जॉन बर्न्ट यांच्या जेएसबीसिमने घेतली. त्याच्यात विमानाचं वजन, पंखांचं क्षेत्रफळ, वेगवेगळ्या कोनात किती उचल मिळते याचे तक्ते, सगळं एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहायचं. विमान सहा प्रकारे हलू शकतं: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि तीन अक्षांभोवती फिरणं. जेएसबीसिम या सगळ्याचा हिशेब सेकंदाला साधारण १२० वेळा करतं. पण समजा तुमच्याकडे असे तक्ते नाहीत, फक्त विमानाचा आकार आणि त्याचा वेग माहीत आहे. त्यासाठी अँडी रॉस यांचं वायएसिम आहे. ते आकारावरून उलटं गणित मांडून उत्तर शोधतं.

या सगळ्या घरांची सामाईक विहीर म्हणजे 'प्रॉपर्टी ट्री'. विमानाची उंची, वेग, इंधन, दिव्याचं बटण, प्रत्येक गोष्टीला फोल्डरसारखा एक पत्ता. बाहेरचा कुठलाही प्रोग्राम नेटवर्कवरून त्या पत्त्यावर जाऊन आकडा वाचू शकतो किंवा बदलू शकतो. सी प्लस प्लस न येणारा माणूसही एक्सएमएल फाइल लिहून विमान बनवू शकला, ते यामुळेच. आणि एखादा थीसिस लिहायला निघून गेला तर त्याचं एक घर रिकामं राहतं, वाडी ओस पडत नाही.

सह्याद्री आला कुठून?

आता जमिनीकडे येऊ. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे स्पेस शटल अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याला ६० मीटर लांबीचा एक दांडा जोडला होता. त्याच्या टोकाला एक रडार अँटेना, दुसरा शटलमध्ये. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तसंच. जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची यातून मोजली गेली आणि हा डेटा सर्वांसाठी खुला झाला. टेरागिअरने तो वापरला.

म्हणून फ्लाइटगिअरमध्ये व्हीएबीबी, म्हणजे मुंबई विमानतळावरून उड्डाण केलं की पूर्वेला खरोखरचा सह्याद्री दिसतो. अर्थात, डेटामधले उंचीचे बिंदू साधारण ९० मीटर अंतरावर. त्यामुळे कोकणकड्यासारखा सरळसोट कडा तिथे उतार होऊन बसतो. तरीही विचार करा. आपल्याकडे नकाशे आणि भौगोलिक माहितीवरची परवानग्यांची अट २०२१ च्या फेब्रुवारीत सैल झाली. त्याच्या कितीतरी आधी आपले घाट जगभरच्या हौशी वैमानिकांच्या स्क्रीनवर होते, कारण दुसऱ्या एका देशाने आपला डेटा कुलपात ठेवला नाही.

फुकट आणि मोकळं

१.० आवृत्ती यायला डिसेंबर २००७ उजाडला. दहा वर्षं! आमच्या कंपन्यांमध्ये दहा आठवडे उशीर झाला तरी मॅनेजर रोज कॉल लावतो.

मग एक वेगळीच कटकट सुरू झाली. काही विक्रेत्यांनी फ्लाइटगिअर डाउनलोड केलं, त्याचं नाव बदललं आणि चकाचक जाहिराती करून ते पैसे घेऊन विकायला लागले. लोक संतापले. पण फ्लाइटगिअरचा परवाना जीपीएल. त्यात विकायला मनाई नाहीच, अट एवढीच की घेणाऱ्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे आणि त्यालाही तोच मोकळेपणा मिळाला पाहिजे. त्यामुळे प्रकल्पाने काय केलं? लोकांना सांगितलं की बाबांनो, हेच आमच्याकडे फुकट मिळतं, आणि काम चालू ठेवलं. जो दरवाजा चांगल्या माणसांसाठी उघडा ठेवतो, त्यातून असे लोकही येणार. दरवाजा बंद केला असता तर पुढचं घडलं नसतं.

पुढचं म्हणजे काय? मॅटलॅबच्या एरोस्पेस टूलबॉक्समध्ये फ्लाइटगिअरशी थेट जोडणी आली, त्यामुळे जगभरचे विद्यार्थी आपलं गणित त्यावर उडवून बघतात. आर्डुपायलटसारखं ड्रोनचं सॉफ्टवेअर खऱ्या ड्रोनवर चढवण्याआधी त्यावर तपासता येतं. २०१५ मध्ये नासाने उड्डाण-सिम्युलेशनचा कोड तपासण्यासाठी प्रमाण उदाहरणं ठरवली. त्यासाठी जी सात साधनं एकमेकांशी ताडून पाहिली, त्यात जेएसबीसिम होतं. आणि त्या अहवालाच्या लेखकांमध्ये एक नाव होतं ब्रूस जॅक्सन. हो, लार्कसिमवालेच! नासाने मोकळा सोडलेला कोड ज्यांनी उचलला, त्यांचंच काम वीस-एक वर्षांनी नासाच्या टेबलावर पोचलं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या दार्पा संस्थेने एआय विरुद्ध माणूस अशी आभासी हवाई लढत लावली. एआयने एफ-१६ च्या अनुभवी वैमानिकाला ५-० ने हरवलं. तिथलं एफ-१६ जेएसबीसिमवर उडत होतं. मोकळ्या कोडचं हेही एक अवघड सत्य: तो शाळेतल्या पोराच्या हातात जातो, तसाच लष्कराच्याही जातो.

त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला, आणि दिसायला तो अफलातून आहे, यात वादच नाही. फ्लाइटगिअर त्याच्या जवळपासही नाही. पण नव्याचं जग कंपनीच्या सर्व्हरवरून येतं. तो सर्व्हर किती वर्षं चालू ठेवायचा, हे तुम्ही-आम्ही ठरवणार नाही. २००९ मध्येही ठरवलं नव्हतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या ॲपवर तुम्ही वर्षं घालवणार असाल, तर स्टार रेटिंगबरोबर आणखी एक गोष्ट बघा: हे बनवणारे उद्या उठून गेले, तर याची किल्ली कुणाकडे राहील? तुमचं उत्तर आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!