धाव आणि हवा

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला आपल्या भाषेत ‘धाव’ म्हणतात. ज्या कोणा पूर्वजाने हे नाव दिले त्याच्या बुद्धीचे मला फार कौतुक वाटते. चाकाला लाकूड आकार देते, बैल ओढ देतात, पण जमिनीशी प्रत्यक्ष गाठ पडते ती या पट्टीचीच. तेव्हा धावते ती तीच. आज मोटारीच्या चाकावर जो रबरी टायर असतो तो या धावेचाच वंशज. त्याची निवड करण्याची पाळी यंदा आम्हां चौघा मास्तरांवर आली आणि त्या निमित्ताने या घराण्याची वंशावळ मी थोडीशी चाळली. ती वाचकांपुढे ठेवतो.

प्रसंग साधा आहे. सतपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत आम्ही चौघे चोपड्याहून रोज जातो. त्यासाठी वर्गणी काढून जुनी बोलेरो घेतली आहे. तिचे टायर झिजले. नवे कोणते घ्यावेत, याबद्दल चोपड्यात सल्ल्याला तोटा नाही. एकजण म्हणतो, डांबरी रस्त्याचे साधे घ्या, गाडी पाण्यासारखी चालेल. दुसरा म्हणतो, जंगलात जायचे तर बटनाचे टायर हवेत, चिखलात हत्तीसारखी जाईल. तिसरा, जो शहरातून सुट्टीला आलेला असतो, तो ‘ऑल-टेरेन’ असे म्हणून गप्प बसतो. पुढचे त्यालाही ठाऊक नसते.

आता ज्या भूमीवर हे टायर फिरायचे ती भूमी पाहा. चोपडा तालुक्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सतपुडा. नदीकडची जमीन काळी, खोल, कापसाची. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हाने भेगाळते. पावसाळ्यात ती चाकाला अशी लपेटते की घटकाभरात चाक कोणते आणि चिखल कोणता हे ओळखू येत नाही. सात-आठ कोस उत्तरेला जावे तर मातीचा रंग बदलतो. मुरूम लागतो, मग नाल्यातले गोटे, मग अणकुचीदार काळा दगड. मऊ जमिनीला रुंद पाऊल हवे, दगडाला चिवट कातडे हवे आणि डांबराला गुळगुळीत तळवा हवा. हे तीन गुण एका चाकात कसे बसवावेत, हाच आमच्या मुलखाचा जुना प्रश्न आहे.

फार जुन्या काळी त्याचे उत्तर ‘चाकच नको’ असे होते. मीठ, धान्य, कापूस यांची ने-आण लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरून होई. बैलाचा खूर हा खरा सर्वभूमी. चिखलात फाकतो, दगडावर आवळतो, आणि पत्री मारली की झिजतही नाही. मात्र याचा अर्थ चाक ठाऊक नव्हते असा नव्हे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, त्यांत बैलजोडी जुंपलेला एक रथ आहे. त्याची चाके भरीव आहेत, आऱ्यांची नव्हेत. अशी भरीव चाके आपल्याकडे किती चिवटपणे टिकली, हे पाहून नवल वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही दख्खनच्या काही भागांत दगडाच्या नाहीतर अखंड लाकडाच्या चाकांचे गाडे चालत. १८३० च्या दशकात गेसफर्ड नावाच्या एका इंग्रज लेफ्टनंटाने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला सुधारलेल्या हलक्या गाड्यांचा कारखाना काढला, तेव्हा शेतकऱ्याला दोन बैलांत ओढता येईल अशी गाडी मिळाली. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना पाने मिळतात आणि या गाडीला तळटीप मिळते. मला हे वाटप उलटे वाटते.

आऱ्यांचे चाक आले तशी धावेची प्रतिष्ठा वाढली. धाव बसवताना ज्याने पाहिले असेल त्याला ते दृश्य विसरता यायचे नाही. बाभळीचे किंवा अंजनाचे लाकूड, मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, भोवती वर्तुळाचे तुकडे. लोहार लोखंडी कडे मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतो. गोवऱ्यांचा गोल आलाव पेटवून ते लालबुंद केले की तापलेले लोखंड फुगते. मग तिघे-चौघे चिमट्यांनी ते उचलून चाकावर बसवतात, घण पडतात, लाकूड जळल्याचा वास सुटतो, आणि लगेच घागरींनी पाणी. लोखंड चुरचुरत आवळते आणि सगळे सांधे कडकडून एकमेकांत घुसतात. एक खिळा न मारता सारे चाक एकजीव होते! विद्यार्थ्यांना उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे शिकवायला मला आजवर याहून चांगला प्रयोग सापडलेला नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. तापीच्या उत्तरेचा कापूस गाड्यांत भरून, नदी ओलांडून स्थानकाकडे जाऊ लागला. या कामाला लोखंडी धाव उत्तम होती, कारण कापसाच्या गठ्ठ्याला हादरा कळत नाही. धावेला दुखणे एकच होते, आणि ते रस्त्याचे होते. तीन बोटे रुंदीच्या लोखंडावर सगळे ओझे आले की ते खडीचा भुगा करी आणि मऊ रस्त्यात चाकोरी कोरी. आपल्या बोलण्यातली ‘चाकोरी’ ती हीच. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकासाची समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि १९२९ पासून पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवण्याची प्रथा पडली. मोटारवाल्यांचे म्हणणे असे की, रस्ते आमच्या पैशांचे आणि ते फोडतात बैलगाड्या. गाडीवान म्हणे, रस्ता आमच्या आज्याच्या वेळचा. दोघांचेही खरे होते.

आमच्याकडे मग केळी वाढली. केळी ही मोठी नाजूक बाई. झाडावरून हिरवी उतरवतात तेव्हा ती ठणठणीत दिसते; पण वाटेत जिथे जिथे दणका बसला तिथे तिथे पिकताना काळा डाग उमटतो आणि व्यापारी भाव पाडतो. लोखंडी धावेचा प्रत्येक हादरा असा शेतकऱ्याच्या हिशोबात उतरू लागला. चाक मऊ असावे ही हौस नाही, तो रोख व्यवहार आहे, हे आमच्या मुलखाला केळीने शिकवले.

मऊ चाकाची कल्पना पूर्वीच निघाली होती. चार्ल्स गुडइयरने १८३९ च्या सुमारास गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ केले. १८४५ साली रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवा भरलेल्या चाकाचा हक्क नोंदवला, पण तेव्हा सायकलही नव्हती आणि मोटारही नव्हती. बिचाऱ्याची कल्पना चाळीस वर्षे अडगळीत पडली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी तीच गोष्ट नव्याने शोधून काढली. हा डनलॉप धंद्याने गुरांचा डॉक्टर होता, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. त्याच्याच नावाच्या कंपनीने पुढे बैलगाडीसाठीही हवेचे टायर काढले, आणि कित्येक गावांत रबरी चाकांच्या गाडीला नुसते ‘डनलॉप’ म्हणू लागले. गुरांच्या डॉक्टराचे हे उपकार बैलांच्या खांद्यांपर्यंत पोचले म्हणायचे.

१९३६ साल आमच्या भागात विसरले जाणार नाही. त्या डिसेंबरात आमच्या पूर्वेला फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. नंदलाल बोस यांनी नगर सजवले होते, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा टायरचा कारखाना सुरू झाला. पुढे तोही बंद पडला, ही गोष्ट निराळी.

स्वातंत्र्यानंतर लागलीच महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी आरंभली. महायुद्धातल्या या जीपचे टायर मोठे मजेचे. त्यांवरची जाड आडवी नक्षी अशी होती की चाक पुढे फिरो वा मागे, पकड तीच. शत्रूला चाकोरी पाहून गाडी आली की गेली हे कळू नये म्हणूनही ती तशी केली, असे सांगणारेही आहेत. चिखलात ते नामी, पण बसणाऱ्याचे हाड न् हाड मोजून घेत. त्या टायरांत धागे तिरपे, एकमेकांवर आडवेतिडवे घातलेले असत. आपल्या बाजेची वीण आठवा. एका कोपऱ्यात बसले तरी सगळी बाज ताणते. १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने धागे सरळ, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत घातले आणि तळव्याखाली पोलादी पट्टे दिले. हाच रेडियल. त्यात बाजूची भिंत खड्ड्यात लवते आणि तळवा मात्र जमिनीला सपाट धरून राहतो. मऊपणा भिंतीचा, चिवटपणा तळव्याचा, अशी कामाची वाटणी झाली. या वाटणीवरच १९७६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने ‘ऑल-टेरेन’ म्हणून रेडियल टायर काढला. मी त्याला सर्वभूमी म्हणतो. पण सर्वभूमी म्हणजे सार्वभौम नव्हे. तो डांबरावर साध्या टायरइतका शांत नसतो आणि चिखलात बटनाच्या टायरइतका बळकट नसतो. दोन्हीकडचे थोडे सोडून दोन्हीकडचे पुष्कळ घेणारा तो समजूतदार मधला भाऊ आहे.

बटनाच्या टायरचा अनुभव आम्हांला होता, कारण गाडी घेतली तेव्हा तिला तेच होते. एका श्रावणातल्या रात्री सत्रासेनच्या बाजूच्या पाड्यावरून एका पावरा बाईला बाळंतपणासाठी चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात आणायचे होते. नाल्याचा चिखल त्या टायरांनी कापला, हे नाकारत नाही. पण पुढे डांबर लागले आणि खरी परीक्षा सुरू झाली. सुट्या सुट्या जाड बटनांची घरघर, दगडासारखी भिंत, आणि प्रत्येक खड्ड्याला मागच्या बाकावरून येणारे ते दाबलेले कण्हणे. तिची सासू एका हाताने तिला आणि दुसऱ्याने छताची दांडी धरून होती. ती काही बोलली नाही. लासूर आल्यावर एवढेच म्हणाली, “हळू, दादा.” गाडी आधीच हळू होती. आई आणि मूल सुखरूप राहिले. मुलगी आता अंगणवाडीत जाते.

तेव्हापासून मी टायर मागच्या बाकावरून जोखतो. पुढे बसणाऱ्याला पकड दिसते, मागे बसणाऱ्याला सुख-दुःख कळते. बोलेरोच्या मागच्या चाकांवर पाटे असतात, ते मुळातच ताठ. त्यांत टायरही ताठ घेतला तर लवायचे कोणी?

आमच्या मेकॅनिकनेही हाच मुद्दा आपल्या अहिराणीत मांडला. “गुरजी, रस्ता पह्यले सांगा, मंग टायर सांगस.” आम्ही वाटेचे दहा भाग केले. सात डांबर, दोन मुरूम-गोटे, एक काळी माती, तीही पावसाळ्याचे चार महिने. हा हिशोब मांडल्यावर बटनांचा प्रश्न निकालात निघाला. सर्वभूमीतही सौम्य नक्षीचा शोधला. मधले ठोकळे एकमेकांना चिकटून असलेला, म्हणजे डांबरावर घरघर कमी; कडेचे ठोकळे मात्र सुटे, म्हणजे चिखल फेकला जातो आणि दगडावर पकड राहते. भारी ओझ्यासाठी जाड भिंतीचे निघतात ते नाकारले. आम्ही मास्तर, आमच्या पिशव्यांत वह्या असतात.

मापाबाबत दुकानदाराने मोह घातला. मोठी रिम, बुटका टायर, गाडी रुबाबदार दिसेल. आमचे माप २१५/७५ आर १५. त्याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटर. तेच ६० टक्क्यांचे घेतले तर भिंत १३ सेंटिमीटरच्या आत येते. खड्डा गिळायला जी हवा हवी तीच आपण पैसे देऊन कमी करायची, हे गणित सातवीच्या मुलालाही पटणार नाही. तेच माप ठेवले. भिंतीवर चार आकडे असतात तेही वाचून घेतले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. रबर दुकानात पडूनही म्हातारे होते. एका जोडीवर तीन वर्षांपूर्वीचे आकडे निघाले, ती परत ठेवायला लावली. दुकानदाराने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू आम्ही लग्नात मुलीचा जन्मदाखला मागितला.

राहता राहिली हवा. सकाळी, चाके थंड असताना ती तपासायची. जास्त भरली की रेडियलचाही दगड होतो, कमी भरली की भिंत तापते आणि गोट्यावर फाटते. दरवाज्याच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते तिच्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे दिलेले असतात. आमच्या जुन्या गाडीची पट्टी पार घासली होती. मेकॅनिकने पुस्तकात पाहून आकडे सांगितले आणि चौघांपैकी गणिताच्या मास्तरांनी ते दरवाज्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहिले. पावसात पुसले जातात. आम्ही पुन्हा लिहितो. खडू काय, खिशात असतोच.