न्याहारी: काय होतं, काय उरलं



आपल्या आज्यांच्या तोंडी ‘नाश्ता’ नव्हता, न्याहारी होती. रात्रीची ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, असलं तर ताक. सगळ्यांना मिळायचीच असं नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांनी पोरं सुकडी आणि मिलोवर जगवली.

अन्नात काय आहे हे मोजायचं काम निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झालं. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण घातलं. पोळी, दूध, डाळ, भाजी खाणारे धडधाकट निघाले, भातावरचे खुरटले. पोट तर सगळ्यांचंच भरलेलं होतं! १९३७ साली तिथूनच डॉ. ॲक्रॉइड यांनी आपल्या अन्नपदार्थांचे तक्ते छापले.

शाळेत अन्न यायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा; आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो पिशवीतून घरी आणलाय. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवूनच द्या म्हटलं, मग खिचडी आली. आज पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम, असं ठरलेलं आहे. पण ते दुपारचं. आणि नववीपासून तेही नाही.

नववीतली पोरगी सकाळची एसटी धरते ती चहा-टोस्टवर. म्हणजे मैदा आणि साखर. याच वयात पाळीमुळे लोह जास्त लागतं, आणि खाण्यासोबतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींत ५९ जणींना रक्तक्षय होता. त्याआधीच्या पाहणीत ५४.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत, हप्ते जमा होताना, एक प्रश्न विचारतो: काल सकाळी पोरीने काय खाल्लं? ‘रोज खाते की’ हे उत्तर चालत नाही, कालचंच सांगायचं. पोषणाची पाहणी करणारेही असंच विचारतात. मग तीन गोष्टी बघायच्या: धान्य, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडं यांपैकी काही, आणि भाजी किंवा फळ. भाकरी-चटणीला दोन गुण, वर पेरू खाल्ला तर तीन. चहा-टोस्टला एक, तोही आपण उदार झालो तर.

भाकरी नको म्हणतात पोरी, ठाऊक आहे. मग मूठभर शेंगदाणे घातलेले पोहे करा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागतं. चहा तासाभराने.

पुढच्या बैठकीला मुलांचंही लिहून आणा.