लोंबत्या कानांचें ऋण

श्रोतेहो, मी आयुष्याचीं सदतीस वर्षें शिक्षकाच्या धंद्यांत काढलीं. मास्तरांचा हात कानाकडे गेला म्हणजे तो कशासाठीं जातो, हें आपणांपैकीं पुष्कळांस स्वानुभवानें ठाऊक असेल. तोच हात आतां दर आठवड्यास एका कुत्र्याचे कान पुसतो, हें पाहून आमच्या डोणगांवांतील माझे जुने विद्यार्थी गालांत हसतात. त्यांनीं खुशाल हसावें. परंतु कुत्र्याच्या लोंबत्या कानामागें फार जुना इतिहास आहे. आणि त्या इतिहासाच्या अखेरच्या पानावर माझाहि एक अपराध आहे. ते दोन्ही आज आपणांपुढें मांडावयाचे आहेत.

मेहकर-लोणारच्या माळावर ज्यानें कधीं लांडगा किंवा कोल्हा पाहिला असेल, त्यानें त्याचे कान डोळ्यांपुढें आणावे. ते उभे, टोंकदार आणि चाहूल लागेल तिकडे वळणारे असतात. कुत्रा हा लांडग्याच्याच कुळांतला. मग त्याचे कान खालीं कां आले? चार्ल्स डार्विन यानें 1859 सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ ह्या ग्रंथांत ह्या प्रश्नाला हात घातला आहे. माणसानें पाळलेल्या प्रत्येक जनावराची कोणत्या ना कोणत्या देशांत कान लोंबलेली एखादी जात आढळतेच, असें त्यानें नमूद केलें. पाळीव जनावराला रानांतल्यासारखें भय उरत नाहीं, म्हणून कान टवकारणारे स्नायु वापराविना ढिले पडत असावे, हें कांहीं ग्रंथकारांचें मत त्याला संभवनीय वाटलें.

पुढें शंभर वर्षांनीं, 1959 सालीं, सायबेरियांत नोव्होसिबिर्स्क येथें दिमित्री बेल्यायेव्ह ह्या शास्त्रज्ञानें रुपेरी कोल्ह्यांवर एक दीर्घ प्रयोग आरंभिला. जीं पिल्लें माणसाला कमी भितात, कमी चावतात, तींच वाढवावयाचीं आणि त्यांचीच वीण पुढें चालवावयाची, एवढाच नियम. कानांकडे कोणीहि लक्ष दिलें नव्हतें. तथापि थोड्याच पिढ्यांत कांहीं पिल्लांचे कान, जे वेळीं उभे राहावयाचे, ते लोंबतेच राहूं लागले. डार्विननें सांगितलेलें कारण शास्त्रज्ञ आज जसेंच्या तसें मानीत नाहींत. परंतु माणसाळणें आणि कान लोंबणें ह्यांचा कांहीं संबंध आहे, हें ह्या प्रयोगानें दाखविलें. त्यानंतरचें काम माणसाच्या हौसेनें केलें. लांब कान शोभिवंत दिसतात म्हणून स्पॅनियल, बॅसेट अशा जातींत ते पिढ्यान्पिढ्या निवडून वाढविले गेले. सारांश, लोंबता कान ही माणसाच्या सहवासाची खूण आहे. ती कुत्र्यानें मागून घेतलेली नाहीं.

आतां आपल्या परंपरेकडे वळूं. महाभारताच्या आदिपर्वांत, कथा नुकतीच सुरू होत असतां, जनमेजयाचे भाऊ यज्ञस्थानीं आलेल्या एका कुत्र्यास निष्कारण मारतात, आणि त्याची आई सरमा त्याबद्दल जाब विचारावयास येते. त्याच महाभारताच्या शेवटीं युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गांत पाऊल टाकावयास नकार देतो. आपल्या नामदेवरायांची कथा तर पोरासोरांस ठाऊक आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें ते तुपाची वाटी घेऊन धांवले. दत्ताच्या पायांशीं कुत्रीं आहेत, खंडोबाच्या संगतीस कुत्रा आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें, 1749 सालीं वारलेल्या शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या लाडक्या कुत्र्याचें दगडी स्मारक दाखवितात. त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें, अशी आख्यायिका आहे.

म्हणजे कुत्र्याचा सन्मान करण्यांत आपण कधीं कमी पडलों नाहीं. त्याची शुश्रूषा हा मात्र निराळा विषय आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत मनुष्यांबरोबर पशूंच्याहि चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे. घोड्यासाठीं शालिहोत्र, हत्तीसाठीं पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, असे थोर ग्रंथ झाले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें कुत्र्यांचाहि विचार आहे. मराठी स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, हा प्रसिद्ध उल्लेख ज्यांत आहे तोच हा ग्रंथ. तथापि शालिहोत्राची कीर्ति कोणत्याहि श्वानवैद्यकास लाभली नाहीं. घोडा आणि हत्ती हीं राज्याचीं बळें होतीं. कुत्रा दारचा होता.

ह्या दारच्या कुत्र्यांत लोंबत्या कानांचे कुत्रे आपल्या दख्खनेंत जुनेच आहेत. तांड्यांच्या आणि काफिल्यांच्या मागें धांवणारा म्हणून ‘कारवानी’ नांव पडलेला सडपातळ शिकारी कुत्रा मराठी मुलुखांत अजूनहि पाळतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं त्याची जोपासना केली व एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली. मुधोळ आज कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत आहे. आणि 2005 सालीं भारतीय टपाल खात्यानें ह्या कुत्र्याचें तिकीट काढलें. त्याचे कान लोंबते खरे, परंतु बेताचे, पातळ आणि तोकड्या केंसांचे. स्पॅनियलचे कान मात्र जाड, झुलपेदार आणि पाणी पितांना भांड्यांत बुडणारे. थंड देशांतला हा कान आपल्या दमट पावसाळ्यांत आला, आणि दुखणें वाढलें.

तें दुखणें काय, हें समजण्यास कानाची रचना पाहिली पाहिजे. माणसाच्या कानाची नळी बरीचशी सरळ आंत जाते. कुत्र्याची नळी आधीं उभी खालीं उतरते आणि मग आडवी वळून पडद्याकडे जाते. विहिरींत उतरून मग बाजूच्या भुयारांत शिरावें, तसा तो मार्ग आहे. त्यावर लांब कानाचें झांकण पडलें म्हणजे आंत वारा खेळत नाहीं, ओल सुकत नाहीं, मळ सांचतो. त्या ओलींत दोन-तीन प्रकारचे शत्रु वाढतात. एक, कानांतला बारीक किडा. हेरिंग ह्या जर्मन पशुवैद्यानें त्याचें वर्णन 1838 सालीं केलें. हा झाला म्हणजे कॉफीच्या भुकटीसारखा काळसर मळ येतो. दुसरी, मॅलॅसेझिया नांवाची बुरशी. मौज अशी कीं, ही जात 1925 सालीं प्रथम वर्णिली गेली ती एका भारतीय गेंड्याच्या कातडीवरून. पुढें कुत्र्यांच्या कानांत ती सर्रास आढळली. कानाला आंबूस वास येतो तो बहुधा हिच्यामुळें. तिसरे, पू करणारे जंतु. पुष्कळदां ह्या सर्वांच्या मुळाशीं अंगांतली खाज किंवा न सोसणारें अन्न असतें. इंग्लंडांत 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, उभ्या कानांच्या कुत्र्यांपेक्षां लोंबत्या कानांच्या कुत्र्यांस कानाचें दुखणें होण्याचा संभव सुमारें पावणेदोन पट आढळला.

आतां माझा अपराध. सहा वर्षांपूर्वीं माझ्या मुलीनें नागपूरहून स्पॅनियलचें एक पिल्लूं आणून दिलें. त्याचें नांव मोत्या. दुसऱ्या पावसाळ्यांत तो डोकें झाडूं लागला, कान खाजवूं लागला आणि कानांस घाण येऊं लागली. घरांतून आज्ञा झाली कीं, त्याला ओसरीवर बांधा. मीं विचार केला, लहानपणीं आमचा कान दुखला म्हणजे आई लसणीचें कोमट तेल घाली. तोच उपाय करावा. आठ दिवस तेल घातलें. वास वाढला. मग काडीला कापूस गुंडाळून मीं आंतला मळ काढूं लागलों. वस्तुतः मी तो भुयाराकडे लोटीत होतों. एके दिवशीं मोत्या माझ्यावर गुरगुरला. जन्मांत प्रथमच. मीं त्याला एक चापट मारली. जनमेजयाच्या भावांची गोष्ट मीं कितीतरी वर्षें मुलांना सांगितली होती, तरीहि मारली.

पशुवैद्यांकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. त्यांनीं यंत्रांतून आंत पाहिलें, मळ कांचेवर घेऊन तपासला आणि सांगितलें कीं, उजव्या कानाचा पडदा फाटला आहे. पडदा फाटला असतां कांहीं औषधें आंत गेलीं तर कुत्रा बहिरा होतो, म्हणून त्यांनीं औषध फार जपून निवडलें. पू थांबला, वास गेला, डावा कान वांचला. उजव्या कानानें मोत्याला आतां ऐकूं येत नाहीं. मी उजवीकडून हांक मारली तरी तो डावीकडे पाहतो. मला न सांपडल्यावर तो गोंधळून उभा राहतो. मग मीच फिरून त्याच्या समोर जातों.

त्यांच्याकडून शिकलों तें थोडक्यांत सांगतों. आठवड्यांतून एकदां कान उलटून उजेडांत पाहावा आणि नाकानें वास घ्यावा. निरोगी कान फिकट गुलाबी असतो आणि त्याला घाण येत नाहीं. धुण्यासाठीं पशुवैद्यांनीं दिलेलें कान धुण्याचें द्रावणच घ्यावें. तेल, स्पिरिट किंवा घरचा काढा नको. द्रावण कानांत भरावें, कानाच्या मुळाशीं बोटांनीं अर्धें मिनिट हळुवार चोळावें, आणि मग कुत्र्याला डोकें झाडूं द्यावें. तो झाडून मळ स्वतःच वर आणतो. वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसानें पुसावा. बोट जाईल तेथपर्यंतच, काडी मुळींच नको. स्वच्छ कान रोज धुवूं नये, तेणेंहि कातडी हुळहुळी होते. अंघोळीनंतर व पावसांतून आल्यावर कान आंतून बाहेरून टिपून कोरडे करावे. कानाखालचे केंस बारीक कापावे. पाण्यासाठीं अरुंद तोंडाचें खोल भांडें ठेवावें, म्हणजे तोंड आंत जातें आणि कान बाहेर राहतात. गवतांतून फिरून आल्यावर कुसळ आणि गोचीड पाहावी. कुसळ एकदां उभ्या नळींत उतरलें कीं आपल्या हातीं लागत नाहीं. कुत्रा एकाएकीं डोकें तिरपें धरील, कान दुखून ओरडेल, किंवा कानाची पाळी रक्त सांकळून उशीसारखी फुगेल, तर त्याच दिवशीं वैद्य गांठावा. आणि दिलेलें औषध वास गेला म्हणून मध्येंच सोडूं नये.

आपल्या खेड्यांत कांहीं लोक दुसराच उपाय करीत आले. पिल्लाचे कानच कापून टाकावयाचे. म्हणजे गोचीड बसत नाहीं, भांडणांत कान धरतां येत नाहीं, आणि कुत्रा तिखट होतो, असा समज. रोग कानाच्या झांकणांत नसून आंतल्या नळींत असतो, म्हणून कापून तो जात नाहीं. पिल्लाला मात्र यातना होतात. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें जनावराचा अवयव तोडणें हा गुन्हा ठरविला आहे. कान ठेवून निगा राखण्याची विद्या मुंबईंत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत 1886 पासून आणि नागपूरच्या महाविद्यालयांत 1958 पासून शिकविली जात आहे. ती आमच्या ओसरीपर्यंत यावयास मात्र मोत्याचा एक कान जावा लागला.

श्रोतेहो, संगम माहुलीसारखें स्मारक उभारण्याची ऐपत आपणांपैकीं थोड्यांची असेल. परंतु आठवड्यांतून दहा मिनिटें आणि चिमूटभर कापूस कोणाच्याहि घरीं निघेल. कुत्र्याच्या कानाला घाण येऊं लागली म्हणजे त्याला ओसरीवर बांधूं नका. उजेडांत घेऊन कानांत पाहा. गुरगुरला तर हात उगारूं नका. त्याला दुखत आहे, एवढेंच तो सांगत असतो.