गायरान वस्त्या (धाराशिव जिल्हा)

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात गावठाणाबाहेर, सरकारी चराऊ जमिनींवर वसलेल्या वस्त्या. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६. नागरी वाटा जेमतेम १७ टक्के. त्यामुळे अनधिकृत वस्तीचा प्रश्न येथे नैरोबीच्या किबेरासारखा किंवा मुंबईच्या झोपडपट्ट्यांसारखा दाटीवाटीचा नाही. तो तलाठ्याच्या दप्तरातला आहे. रहिवासी मुख्यतः भूमिहीन दलित, पारधी व इतर भटके-विमुक्त. कळंब परिसरात पारध्यांच्या वस्तीला ‘पारधी पिढी’ म्हणतात. पारध्यांवर शिक्का मारणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, वस्ती मात्र गावाबाहेरच राहिली.

दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक सरकारी जमिनीची मागणी पुढे आणली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. घोडे अडले ते पुराव्यावर. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. तीत नाव चढले की दंड बसतो आणि तीच दंडाची पावती पुढे ताब्याचा पुरावा ठरते. म्हणून ती घरोघरी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी जपलेली असते. ज्याला दंडच झाला नाही, त्याच्याकडे दाखवायला काही नाही. नोंद तलाठ्याच्या हातात आणि तलाठ्यावर वजन गावपुढाऱ्याचे, असा हा व्यवहार असल्याने एक-ईचे पान हा मतांच्या राजकारणाचाही भाग बनतो.

घरांची स्थिती याहून विचित्र. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर लागते, घरपट्टी भरली जाते, पण जागा सरकारचीच राहते. मग घरकुल मंजूर होऊनही बांधायचे कुठे, हा प्रश्न उरतो. जगपालसिंग खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर (२०११) गायराने मोकळी करण्यावर भर आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिल्यावर राज्यभर नोटिसा निघाल्या, त्यांच्या पाठोपाठ मोर्चेही.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरसह अनेक गावे शासनाने जमीन संपादून नव्या जागी वसवली. घराचे क्षेत्र जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. रुंद रस्त्यांच्या शहरी आखणीत गोठ्याला जागा नव्हती, ती लोकांनी पत्रे ठोकून केली. मात्र भूमिहीनाच्या नावावरही घर लागले, तेही दंडाच्या पावतीवाचून.