मॅक्लीनचीं बारा जहाजें

ज्या पुरुषानें समुद्रावरून माल नेण्याचा खर्च मातीमोल करून दाखविला, त्याचीच कंपनी पुढें भाड्याच्या घसरणींत बुडावी, ही व्यापाराच्या इतिहासांतील मोठी चमत्कारिक घटना आहे. त्या पुरुषाचें नांव माल्कम मॅक्लीन. आज जगांतील बहुतेक तयार माल ज्या चौकोनी धातूच्या पेट्यांतून फिरतो, त्या कंटेनरची सागरी वाहतूक व्यापारी पायावर उभी करणारा तो हाच. त्याच्या उदयाची कथा बहुतेकांनीं कोठें ना कोठें वाचलेली असते. अस्ताची मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें जहाजधंद्याचें खरें मर्म त्या अस्तांतच उघडें पडतें, म्हणून आम्ही वाचकांचें लक्ष विशेषतः तिकडे वेधूं इच्छितों.

कंटेनर येण्यापूर्वीं बंदरांतील कामाची तऱ्हा सर्व जगांत सारखीच होती. मुंबईच्या प्रिन्सेस किंवा व्हिक्टोरिया डॉकांत काय, कीं न्यूयॉर्कच्या धक्क्यावर काय, कापसाच्या गांठी, धान्याचीं पोतीं, तेलाचीं पिंपें, यंत्रांचीं खोकीं हीं सर्व हमालांच्या टोळ्यांनीं एकेक करून उचलावयाचीं, यारीनें बोटीच्या पोटांत उतरवावयाचीं आणि तेथें पुन्हां माणसांच्या हातांनीं रचावयाचीं. यांत बोट दिवसचे दिवस धक्क्याला बांधून पडे. मोडतोड आणि चोरी या तर ठरलेल्याच. १९५६ सालीं अमेरिकेंत सुटा माल बोटींत भरण्यास टनामागें ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई असा हिशेब आहे. मॅक्लीनच्या पहिल्या खेपेस तो १६ सेंटांहूनही कमी आला. मुंबईकरांना या बदलाचें पुरें दर्शन घडण्यास मात्र १९८९ सालीं न्हावा-शेवें बंदर सुरू व्हावें लागलें.

हा मॅक्लीन मूळचा समुद्रावरचा नव्हेच. उत्तर कॅरोलिना प्रांतांतील मॅक्सटन या लहानशा गांवीं १९१३ सालीं तो जन्मला आणि १९३४ त एका जुन्या मालमोटारीवर त्यानें धंद्यास प्रारंभ केला. न्यू जर्सीच्या धक्क्यावर कापसाच्या गांठी उतरण्याची वाट पाहत दिवसभर ताटकळत असतां, सबंध मोटारच उचलून बोटीवर कां ठेवूं नये, ही कल्पना त्यास सुचली अशी एक आख्यायिका आहे. ती फार उशिरां प्रसिद्ध झालेली असल्यामुळें आम्ही तिच्यावर भार देत नाहीं; थोरांच्या चरित्रांत अशीं सफरचंदें नेहमींच पडत असतात. निश्चित आहे तें इतकेंच कीं, १९५५ त त्यानें पॅन-अटलांटिक ही बोटींची कंपनी विकत घेतली, कायद्याची अडचण येऊं नये म्हणून भरभराटींत असलेला मालमोटारींचा धंदा सोडला, आणि २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ ही तेलवाहू जहाजावरून सुधारलेली बोट ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाली. कंपनीस पुढें सी-लँड हें नांव मिळालें. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्यास रसद पोंचविण्याचें काम तिजकडे आलें, आणि रिकाम्या परतणाऱ्या बोटींत जपानी माल भरून तिनें दुहेरी नफाही साधला. १९६९ त सिगारेटींबद्दल प्रसिद्ध असलेल्या रेनॉल्ड्स कंपनीनें सी-लँड विकत घेतली.

येथवरची कथा सुखाची आहे. पुढील भाग कळण्यास जहाजाच्या भाड्याचा — आमच्या किनाऱ्यावरचे जुने व्यापारी ज्यास नूर म्हणत त्याचा — स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. ठरल्या दिवशीं ठरल्या मार्गानें सुटणारी बोट भरलेली असो कीं रिकामी असो, तिचें तेल, खलाशांचा पगार, विमा आणि कर्जाचें व्याज यांत फारसा फरक पडत नाहीं. त्यामुळें शेवटची पेटी केवळ चढविण्या-उतरविण्याच्या खर्चाहून थोड्याशा अधिक पैशांत मिळाली तरी मालक ती घेतो. कारण रिकामी जागा त्यास कांहींच देत नाहीं. शेजारचा मालकही हाच हिशेब करतो, आणि दोघे मिळून भाडें तळास नेतात. उलट मालाची मागणी एकाएकीं वाढली तर नवी बोट बाजारांतून उचलून आणतां येत नाहीं. ती बांधावयास दोनतीन वर्षें लागतात. मग भाडें गगनास भिडतें, सर्व कंपन्या एकदम नव्या बोटी मागवितात, आणि त्या सगळ्या एकदमच पाण्यांत उतरतात, बहुधा मागणी ओसरल्यानंतर. या खेळास कंटाळूनच बोटवाल्यांनीं आपसांत भाडें ठरविणारे संघ काढले. त्यांतला पहिला म्हणून जो ओळखला जातो, तो १८७५ सालचा, विलायत आणि कलकत्ता यांमधील व्यापाराचा होता.

कंटेनरनें या संघांचें बळ आंतून पोखरलें. पूर्वीं मालाची भरणी कुशलतेनें करणारी, मोडतोड होऊं न देणारी कंपनी आपल्या नांवावर चार पैसे अधिक मागूं शके. सर्वांच्या पेट्या एकाच मापाच्या झाल्यावर एकीचें काम दुसरीच्या कामाहून ओळखावें तें कशावरून? गिऱ्हाईक आतां दर तेवढा विचारूं लागलें. मॅक्लीनच्या कल्पकतेचें हें फळ अखेर मॅक्लीनच्याच पदरीं पडावयाचें होतें.

त्याची पहिली चुणूक सी-लँडमध्येंच दिसली. १९६९ त खनिज तेल जवळजवळ पाण्याच्या भावानें मिळत होतें. वेग पाहून गिऱ्हाईक आपल्याकडे धांवेल, असा हिशेब करून मॅक्लीननें ताशीं ३३ सागरी मैल चालणारीं आठ मालजहाजें मागविलीं. तीं १९७२ पासून हातीं येऊं लागलीं. आणि १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध पेटून थोड्याच महिन्यांत तेलाची किंमत चौपट झाली. दररोज सुमारें ५०० टन तेल पिणारें एकेक जहाज म्हणजे दारीं झुलणारा हत्तीच. शोभा पुष्कळ, पण चारा कोठून आणावा? १९८१-८२ च्या सुमारास अमेरिकन आरमारानें हीं आठही जहाजें घेतलीं. आरमारास भाड्याच्या दराची चिंता नसते.

मॅक्लीन १९७७ त रेनॉल्ड्सच्या संचालक मंडळांतून बाहेर पडला आणि १९७८ त त्यानें युनायटेड स्टेट्स लाइन्स ही कंपनी घेतली. हें घराणें जुनें व नांवाजलेलें. याच कंपनीच्या ‘युनायटेड स्टेट्स’ या उतारूबोटीनें १९५२ त अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा उच्चांक केला होता. १९७९ च्या इराणी राज्यक्रांतीनंतर तेल पुन्हां भडकलें. एकदां ठेंच लागलेला मॅक्लीन या वेळीं उलट टोकास गेला. तेल महागच होत जाणार, असें धरून त्यानें वेगाचा नाद सोडला, आणि १९८३ त कोरियांतील देवू कारखान्याकडे बारा प्रचंड, संथ आणि तेल वांचविणारीं जहाजें मागविलीं. सर्वांची किंमत सुमारें ५७ कोटी डॉलर. वीस फुटी मापानें एकेकावर ४,००० हून अधिक पेट्या मावत. वेग ताशीं अवघा १८ सागरी मैलांच्या आसपास. तीं न्यूयॉर्कहून निघून सदा पूर्वेकडेच जावयाचीं: युरोप, भूमध्य समुद्र, सुवेज, पश्चिम आशिया, पुढें पूर्व आशियाचा किनारा, पॅसिफिक, पनामा आणि पुन्हां न्यूयॉर्क, अशी ही पृथ्वीप्रदक्षिणा.

कागदावर ही योजना फार सुंदर दिसते. एका बाजूनें भरून जावें आणि दुसऱ्या बाजूनें रिकामें परतावें, हें बोटवाल्यांचें जुनें दुखणें. प्रदक्षिणेंत परतीचा प्रवासच नाहीं. परंतु व्यापार असा वर्तुळाकार वाहत नसतो. १९८४-८५ त डॉलर अतिशय महाग झाल्यामुळें अमेरिकेचा माल परदेशीं खपेना, आणि न्यूयॉर्कहून युरोपास निघालेलें जहाज पहिल्याच टप्प्यांत भरणें कठीण झालें. एका बंदरांत वादळानें दोन दिवस गेले कीं पुढील सगळ्या बंदरांचें वेळापत्रक कोलमडे. १९८४ त तैवानच्या चांग युंग-फा यांच्या एव्हरग्रीन कंपनीनेंही प्रदक्षिणा सुरू केली, आणि ती दोन्ही दिशांनीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत नवा जहाजकायदा होऊन संघांतील कंपन्यांस संघाचा दर मोडण्याची मुभा मिळाली. बोटी वाढत होत्या, भाडें उतरत होतें. आणि अशांत तेलाचा भाव १९८५ च्या अखेरीस पिंपामागें ३० डॉलरांच्या घरांत होता, तो १९८६ च्या मध्यास १५ च्या खालीं आला.

तेल स्वस्त झालें म्हणजे बोटवाल्यानें पेढे वांटावेत. येथें झालें उलटें. प्रतिस्पर्ध्यांच्या वेगवान बोटी आतां थोड्या खर्चांत धांवूं लागल्या, आणि ज्या काटकसरीसाठीं मॅक्लीननें वेग गमावला होता, ती काटकसरच निरर्थक ठरली. कर्जाचें व्याज मात्र तेलाबरोबर उतरलें नाहीं. नोव्हेंबर १९८६ मध्यें युनायटेड स्टेट्स लाइन्सनें न्यायालयांत दिवाळ्याचा अर्ज दिला. देणें एक अब्ज डॉलरांच्या वर होतें. हजारों माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

मॅक्लीनला या प्रकरणीं शुद्ध जुगारी ठरविणें सोपें आहे, पण तें आम्हांस मान्य नाहीं. तेल महाग राहणार असें त्या काळीं मोठमोठीं सरकारेंही धरून चाललीं होतीं, आणि पेढ्यांनीं त्यास कर्ज दिलें तेंही याच समजुतीवर. अडचण अशी कीं, कागदावरचा अंदाज एका रेघेनें खोडतां येतो; लोखंडांत ओतलेला अंदाज वीस-पंचवीस वर्षें तसाच तरंगत राहतो. कोंकणांतला बागाईतदार कलम लावतो तेव्हां पुढें आंबा काय भावानें जाईल हें त्यासही ठाऊक नसतें; पण त्याचें कलम निदान दुसऱ्याच्या अब्जावधि रुपयांवर उभें नसतें.

या धंद्याची चाल पुढेंही बदलली नाहीं. दक्षिण कोरियाची हान्जिन कंपनी, जगांतील पहिल्या दहांतली, ३१ ऑगस्ट २०१६ रोजीं न्यायालयाच्या आश्रयास गेली. पैसे मिळण्याची खात्री नसल्यामुळें कित्येक बंदरें तिचीं जहाजें आंत घेईनात, आणि सुमारें १४ अब्ज डॉलरांचा माल समुद्रावर अडकला. चारपांच वर्षांतच महामारीच्या गोंधळानें भाडें इतकें चढलें कीं, डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीस एकट्या २०२२ त सुमारें २९ अब्ज डॉलर नफा झाला; पुढच्याच वर्षीं तो ४ अब्जांच्या आंत आला. तिचे चालक एका वर्षांत अकुशल झाले असें कोण म्हणेल? पुढें २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें बोटी आफ्रिकेस वळसा घालूं लागल्या, वाटा लांबल्या, आणि पडलेलें भाडें पुन्हां उठून बसलें. नफ्याच्या आंकड्यावरून बोटकंपनीची लायकी ठरविणें आम्हांस म्हणूनच धोक्याचें वाटतें. ती पाहावयाची तर मंदीच्या वर्षीं, आणि तीही कर्जाच्या रकान्यांत.

दिवाळ्यानंतर मॅक्लीन बराच काळ लोकांपासून दूर राहिला. पण धंद्याची खोड सुटली नव्हती. १९९२ त, म्हातारपणीं, त्यानें ट्रेलर ब्रिज ही एक लहानशी कंपनी काढली. २५ मे २००१ रोजीं तो वारला, आणि त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीं ठिकठिकाणच्या कंटेनर-जहाजांनीं आपले भोंगे वाजविले.

राहतां राहिलीं तीं बारा जहाजें. तीं १९८८ त मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पैशांत विकलीं गेलीं. घेणारी कंपनी सी-लँड, म्हणजे मॅक्लीननेंच एके काळीं उभी केलेली. जहाजें तींच, वेगही तोच. पण डोक्यावर ५७ कोटींचा भार नसल्यामुळें नव्या धन्यास तीं परवडलीं, आणि अटलांटिकवर पेट्या वाहूं लागलीं. पुढें १९९९ त सी-लँडचा परदेशी व्यापारही मर्स्कनें विकत घेतला.